झोपलास काय रे

आठ महिन्यांची लिंतांग काट्याला टांगलेल्या कापडी झोळीत होती आणि काटा सात किलो चारशेच्या आसपास थरथरत होता, तेव्हा तुतिकला स्वतःचा आवाज ऐकू आला. वॉर्डाच्या सभागृहाचं दार उघडं होतं, तिथून आला. तिचाच, आणि तरी तिचा नाही. जाड, ताणलेला, विहिरीच्या तळाशी बसलेल्या म्हातारीनं मान वर करून म्हणावं तसा. "च्याऽऽयलाऽऽ… झोऽऽपलाऽऽस काऽऽय रेऽऽ." तिचे हात झोळीच्या कडेवर होते ते तिथंच राहिले. काटा ठरला तरी तिनं लेकीला उचललं नाही. "सात चारशे," वजन लिहिणारी गल्लीतली येती म्हणाली, "मागच्या खेपेपेक्षा दोनशेच वाढली. पाजतेस ना गं नीट, निंग?" निंग म्हणजे ताई; गल्लीत कुठल्याही तरुण बाईला तसंच म्हणत. तुतिक हो म्हणाली. ते हो तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं. येतीनं तिच्याकडे बघून पेन कानामागे खोवलं आणि म्हणाली, "तुलाच तोलायला हवं झोळीत घालून. आवाजच निघत नाही पोरीचा."

बाहेर चिंचेखाली एक ओजेकवाला, भाड्यानं मोटरसायकलवरून माणसं नेणारा, गाडीवर आडवा झाला होता. पाय हँडलवर, फोन दोन्ही हातांत आडवा, अंगठे नाचतायत. तुतिक लेकीला कडेवर घेऊन त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. फोनवर हिरवं मैदान होतं आणि त्यावर माणसं मधात पडल्यासारखी पळत होती. "चाक," तिनं कुठल्याही दादाला म्हणावं तसं विचारलं, "हे काय खेळताय?" "फुटबॉल. जुनाच. भाड्याच्या दुकानात बसून खेळायचो शाळा बुडवून, तो. आता ती यंत्रं कुठं राहिलीत, निंग. आता फोनच त्या यंत्राचं सोंग घेतो." "पण आवाज असा का?" "फोन गरीब आहे ना, दमतो. तो दमला की बाईपण दमते." "कोण आहे ती बाई?" ओजेकवाला हसला. "कोण जाणे. मासळीबाजारातली असेल कुणीतरी. तोंड बघा ना तिचं!" तुतिकनं खरंच तोंड बघितलं, काळ्या काचेत, फोन क्षणभर तिरपा झाला तेव्हा, ओढणीतलं अर्धं तोंड आणि त्याखाली लिंतांगचं टक्कल. मग खेळाडूनं गोल मारला आणि विहिरीतली म्हातारी पुन्हा म्हणाली, झोपलास काय रे. गोल झाल्यावर. चुकीच्या जागी. म्हणजे खेळाच्या पहिल्याच तबकडीची नक्कल होती ती, अजून दुरुस्त न केलेली, तिच्या बापाच्या दुकानातून निघालेली.

घरी परत येताना तिनं सवयीनं चपला दाराबाहेर, आवाज न करता काढल्या. या घरात सगळंच आवाज न करता होत असे. सासू माइमुना, जिला सगळी गल्ली इबू, म्हणजे आई, म्हणे, कधीही कुणावर रागावत नसे. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुतिकनं मागच्या दारातून गल्लीतून चाललेल्या भाजीवाल्याला हाक मारली होती, चांगली सणसणीत, जशी ती जन्मभर मारत आली होती, आणि इबूनं तिच्या खांद्यावर हात ठेवून, हसून म्हटलं होतं, "तो येतो गं इकडेच. आपण नुसतं दारात उभं राहायचं." बस, इतकंच. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं आणि उलटून बोलण्यासारखंही काही नव्हतं. तेव्हापासून तुतिक दारात उभी राहू लागली. आवाज एकदम जात नाही माणसाचा. तो नळासारखा असतो, कुणीतरी रोज अर्धा आटा फिरवतं. गुरुवारी पुढच्या खोलीत बायकांचा कुराणपाठ असे तेव्हा ती स्वयंपाकघरात, काही वाजू नये म्हणून, खाली कापड घालून बशा मांडत असे. मग लिंतांग झाली आणि उरलेला आटाही फिरला. कारण आता खरंच बाळ झोपलेलं असे. तिनं लेकीसाठी जे काही म्हटलं, गुणगुणलं, बोललं, ते सगळं श्वासात. आठ महिने. आणि आता, लेकीला चटईवर ठेवताना, तिच्या मनात असं आलं की या पोरीला आपला आवाज माहीतच नाही. हिला वाटतं आई म्हणजे कुजबुज. तो ओजेकवाला तिचा आवाज रोज ऐकतो, कितीतरी परक्या पोरांनी तो ऐकला, आणि जिच्या कानाशी तिचं तोंड दिवसभर असतं तिनं तो ऐकलेला नाही.

तो आवाज भरला तेव्हा पंधरा वर्षांची होती ती. बापाच्या दुकानात पुढच्या खोलीत खेळायची सात यंत्रं आणि सात जुने टीव्ही, जमिनीवर चटया, तासाच्या हिशेबानं बसलेली पोरं, आणि घामाचा, इन्स्टंट नूडल्सचा, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. मागच्या खोलीत हेन्द्रो नावाचा भाडेकरू होता, इंजिनिअरिंगचा. त्याचं डोकं असं की परदेशातला तो फुटबॉलचा खेळ उघडून त्यानं आतले सगळे संघ काढले आणि आपले बसवले. आपले खेळाडू, आपली मैदानं, मैदानाच्या कडेला आपल्या सिगारेटींच्या पाट्या. उरली ती कॉमेंटरी. दोन मित्रांना घेऊन त्यानं ती आपल्या सुराबाया शहराच्या बोलीत केली, पण दोघेही माईकसमोर बातम्या दिल्यासारखे बोलायला लागले. भिंतीपलीकडे तुतिक त्या वेळी चार नंबरवरच्या एका गिऱ्हाइकाला शिव्या देत होती, कारण त्यानं रिमोट आपटला होता. हेन्द्रो बाहेर आला. "ए निंग," म्हणाला, "हेच परत बोल. आत येऊन." तिला त्यानं गाद्यांच्या कपाटात बसवलं, आवाज घुमू नये म्हणून, अंगावर दोन उशा, आणि हातात कानाला लावायचा स्वस्त माईक. काय उकाडा होता आत. चोवीस ओळी बोलली ती. एकही कागदावरची नाही. मागच्या उन्हाळ्यापासून, त्याही मागच्या कित्येक उन्हाळ्यांपासून तोंडात साठलेलं सगळं बाहेर आलं, आणि कपाटाबाहेर हेन्द्रो आणि त्याचे मित्र पोट धरून लोळत होते. हसू ऐकून ती आणखी चढली. मग कापाकापी. मूळ खेळात प्रत्येक वाक्याला ठरलेली जागा होती, कुठं सेकंदभर, कुठं दीड. त्यात बसेल तेवढंच राहणार. तेरा ओळी बसल्या नाहीत. अकरा राहिल्या. सगळ्यांत लांब, सगळ्यांत चांगली, जी बोलताना तिचा श्वास संपून डोळ्यांत पाणी आलं होतं, ती हेन्द्रोनं ऐकवली, हसला, आणि पुसली.

आणि जागा भरताना त्यानं घोटाळा केला. गोल झाल्यावर यायची आरोळी त्यानं चेंडू खांबावरून गेल्याच्या जागी घातली, आणि सोपा गोल हुकल्यावर यायचं झोपलास काय रे हे गोलच्या जागी. कळलं तोवर तबकड्या छापून बाजारात गेल्या होत्या. परत कुणी मागवणार? आठवड्याभरात पोरांनी तक्रार करायची सोडली. महिन्याभरात गल्लीतल्या खऱ्या फुटबॉलमध्ये कुणी गोल मारला की बाकीची पोरं त्याला मिठ्या मारत ओरडू लागली, झोपलास काय रे! तोच शाबासकीचा शब्द झाला. शाळेत पहिला आलेल्याला, नोकरी लागलेल्याला, पोरगी पटवलेल्याला. तुतिकच्या लग्नात नवरदेवानं, प्रासनं, निकाहचं वचन एका दमात, न अडखळता म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, झोपलास काय रे! आणि सगळा मांडव हसला. इबूनं शेजारणीला हळूच विचारलं होतं, हे काय म्हणतायत. शेजारीण म्हणाली होती, पोरांचं काहीतरी. भरजरी टोपाखाली मान ताठ धरून बसलेल्या नवरीकडे एकानंही पाहिलं नव्हतं. तेव्हा तिलाही ते विशेष वाटलं नव्हतं. आज वाटत होतं.

त्याच संध्याकाळी प्रास बंदरावरून कंटेनरच्या डेपोतली पाळी संपवून आला, आणि आंघोळ करून पुसता पुसता म्हणाला, "गुफ्रोन भेटला होता. सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाला, सभागृहात जुन्या फुटबॉलची स्पर्धा ठेवतायत, भिंतीवर मोठ्ठं दाखवून. यंत्र कुणाकडंच चालू नाही. मी म्हटलं, तुतिकचा लॅपटॉप आहे." गुफ्रोन हा गल्लीच्या तरुण मंडळाचा पुढारी, चाळिशीला आला तरी तरुण. दुसऱ्या दिवशी तो स्वतः पेनड्राइव्ह घेऊन आला आणि दारातच, इबूकडे बघून आदबीनं, समजावून गेला. ह्यात नवा प्रोग्राम आहे, सगळे हाच वापरतात; चित्र असं येतं की गोलकीपरच्या दाढीचे केस मोजावेत. आणि ह्यात खेळाची नवी, स्वच्छ आवृत्ती आहे. "स्वच्छ म्हणजे?" तुतिकनं विचारलं. "म्हणजे त्या शिव्या देणाऱ्या बाईशिवाय," गुफ्रोन म्हणाला, "भिंतीला लागून मशीद आहे, वॉर्डप्रमुख येणार, हाजी मंडळी येणार. कशाला उगीच." इबूनं मान डोलावली. तुतिकनं पेनड्राइव्ह घेतला. तो मुठीत गरम लागला, गुफ्रोनच्या खिशामुळे असेल.

लिंतांग दुपारी चाळीस मिनिटं झोपे, कधी पन्नास. त्या चाळिसांत कपडे, भांडी, आणि उरलं तर तुतिक. त्या आठवड्यात कपडे ढीग होऊन राहिले. लॅपटॉप ती कुरिअरच्या ऑफिसात नोकरीला होती तेव्हाचा, बिजागरीला चिकटपट्टी, पंखा चक्कीसारखा. ती मोरीच्या उंबऱ्यात बसून, दार अर्धं लोटून, सोंगं तपासू लागली. त्या प्रोग्रामांना ती मनात सोंगंच म्हणत होती. मेलेल्या यंत्राचं सोंग घेऊन दुसऱ्याच यंत्राला नाचवणारे. आणि प्रत्येकाच्या सोंगात काही ना काही खोटं होतं. फोनवरचं सोंग फुकट होतं, दर पाच मिनिटांनी साबणाची जाहिरात दाखवत होतं आणि दमलं की सगळंच लांबवत होतं. त्यात ती म्हातारी होई. गुफ्रोनचं सोंग देखणं. मैदानावर गवताची पाती दिसत. पण तिच्या लॅपटॉपला ते झेपेना, आणि झेपेना तेव्हा ते आवाजाची उंची तशीच ठेवून मधे मधे कापडासारखी शिवण घालत होतं, त्यामुळे बाप्ये कॉमेंटेटर पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखे वाटत. चाळीस हजार माणसं असलेल्या, जुन्या खेळांच्या इंटरनेटवरच्या एका मंडळीत तिनं लिहून विचारलं, की चित्र कसंही आलं तरी चालेल, आवाज मूळ यंत्रातून यायचा तसाच, त्याच वेगानं यायला हवा, तर कोणता घ्यावा. पहिलं उत्तर आलं, "बहिणाबाई, नवऱ्याला पाठव विचारायला." दुसरं, "चित्र नको असेल तर रेडिओ घ्या." त्याला दोनशे लोक हसले होते. तिनं हसणाऱ्यांची नावं खालपर्यंत वाचली, वाचता वाचता लिंतांग जागी झाली आणि तिला पाजताना एका हातानं तिनं उत्तर लिहिलं, "नवरा झोपलाय. तुम्हीच सांगा." एका म्हाताऱ्या माणसानं, निदान त्याचं लिहिणं म्हाताऱ्यासारखं होतं, एक नाव सांगितलं. एकट्या माणसानं लिहिलेलं सोंग, कित्येक वर्षांत हात न लागलेलं. आता कुणी वापरत नाही ते. पण त्यात एक खूण आहे: यंत्र दमलं की चित्रं गाळायची, आवाजाला हात लावायचा नाही.

त्याच मंडळीत खाली खाली जाताना तिला हेन्द्रो सापडला. आता कुठंतरी मोठा होता, फोटोत कोट. कुणीतरी विचारलं होतं, साहेब, पहिल्या आवृत्तीत ती बाई कोण होती? हेन्द्रोनं लिहिलं होतं, "घरमालकाची पोरगी होती कुणीतरी. नाव आठवत नाही. नव्या आवृत्तीत काढलाय तो आवाज, आणि गोलच्या जागचा दोषही दुरुस्त केलाय. आता सगळं व्यवस्थित आहे." तुतिकनं ते दोनदा वाचलं. राग येईल असं तिला वाटलं होतं. आलं ते वेगळंच. कपाटातला उकाडा आला. उशांचा कापूस, नाकाशी स्वतःच्याच तोंडाची वाफ, आणि बाहेर हसणारी माणसं. कुणीतरी. सहा वर्षं त्यांच्या घरात तिच्या आईच्या हातचं जेवला होता हा माणूस. तिनं मंगळवारच्या दुपारी लिंतांगला पाठीशी बांधलं, इबूला सांगितलं बापाकडे जाऊन येते, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या.

बापाच्या पुढच्या खोलीत आता पिण्याच्या पाण्याचे निळे जार भरून मिळत. बाप, कास्दू, नळीखाली जार धरून उकिडवा बसला होता. "आली माझी वाघीण," त्यानं वर न बघताच म्हटलं, "काय गं, दबक्या पावलानं? चोरी करायला आलीस?" "हो. चार नंबर कुठाय?" कास्दूनं नळ बंद केला. पलंगाखालून त्यानं पोतं ओढलं. पोत्यात यंत्र, पोटावर लाल रंगात चारचा आकडा. "लेन्स गेलीय त्याची," तो म्हणाला. "लेन्स नको. आतला प्रोग्राम हवाय, चालू होतानाचा. त्याच्याशिवाय सोंग घेता येत नाही. दुसऱ्याचा उचलता येतो, पण मला दुसऱ्याचा नकोय." "त्याचा जीवच काढून नेतेस म्हण की." बाप लेकीसमोर मांडी घालून बसला. चार नंबर कायम आजारी असे. त्याला उताणं घालून खेळावं लागे, पोट वर, तरच तबकडी फिरे. नव्या गिऱ्हाइकाला वाटे मोडलंय. जुनी गिऱ्हाइकं येताच त्याला सवयीनं उलटं करत, झोपलेल्या म्हशीसारखं. आत्ताही बापानं हातात घेताच ते उताणं केलं. जुन्या मेमरी कार्डानं ते एका झटक्यात उठलं आणि तुतिकनं त्याच्या आतलं हवं ते आपल्याकडे उतरवून घेतलं. तबकडी डब्यात होती, ओरखडलेली. बापानं टूथपेस्ट आणली, बोटावर घेतली, आणि तबकडीवर मधून बाहेर, मधून बाहेर, लहान बाळाची पाठ चोळावी तशी चोळली. कव्हरावर तीन नावं छापलेली होती, तीन बाप्यांची. "तुझं का नाही गं घातलं त्यानं?" कास्दूनं इतक्या वर्षांनी विचारलं. "तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. "तू तरी कुठं विचारलंस," बाप म्हणाला. "मी पंधरा वर्षांची होते, बाबा." कास्दूनं तबकडी पाण्याखाली धरली. बराच वेळ तो पाणी वाया घालवत बसला, विकायचं पाणी.

बुधवारी, चाळीसपैकी नवव्या मिनिटाला, जुन्या सोंगानं राखाडी चौकट उघडली आणि मैदान उमटलं. चित्र जाडंभरडं, उड्या मारत. तिनं कानाला तार लावली. एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत तिनं चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलला, आणि तिच्या डोक्याच्या आत, अगदी मधोमध, कुणीतरी ओरडलं. च्यायला, झोपलास काय रे! म्हातारी नव्हती. पत्र्याचा डबा नव्हता. पंधरा वर्षांची होती, गळ्याच्या शिरा ताणून, शेवटच्या रे वर किंचित फाटलेली, कारण तिथं उशी तोंडावर आली होती. तुतिकनं तार काढली आणि इकडंतिकडं बघितलं. घर शांत होतं. तिला एकदम त्या पोरीची भीती वाटली. अशी समोर आली तर विचारेल, की ए बाई, कापडावर बशी का ठेवतेस? तिनं तार पुन्हा लावली. एकेक करून अकराही ओळी शोधल्या. खांबावरून चेंडू घालवत राहिली, गोलची आरोळी ऐकत राहिली. त्या प्रोग्रामात, त्या म्हाताऱ्यानं लिहून कळवलं होतं त्याप्रमाणे, आता दोन्ही ओळी जागच्या जागी नेऊन ठेवणं पाच मिनिटांचं काम होतं. दोष दुरुस्त. बोट त्या दुरुस्तीच्या खुणेपर्यंत गेलं. मग तिला मांडवातली मागची रांग आठवली, मिठ्या मारणारी पोरं आठवली. चूक हेन्द्रोची होती, पण तिला अर्थ गल्लीनं दिला होता. दुरुस्त करणारा तो कोण? तिनं खिडकी बंद केली. रात्री प्रासला सांगितलं. तो लेकीचे मोजे घडी करत होता. "सगळ्यांना कळेल," तो म्हणाला. "कळू दे." "इबूला कळेल." "तिला आधी कळू दे." प्रासनं मोज्यांची जोडी चुकीची लावली. "मी तुझा आवाज ओळखायचो बरं का," तो म्हणाला, "भाड्याच्या दुकानात. म्हणून तर स्थळ आल्यावर हो म्हटलं." "आणि मग?" तुतिकनं विचारलं, "मग तो गेला कुठं, हे कधी विचारलं नाहीस ते?" प्रासनं ती चुकीची जोडी सोडवली आणि मोजे पुन्हा जुळवायला बसला. ते तिला मनापासून बरं वाटलं.

सतराला सकाळपासून गल्लीत कागदी झेंडे आणि दोरीला टांगलेले क्रुपुक, म्हणजे कोळंबीचे पापड. हात मागं बांधून पोरं ते तोंडानं पकडत होती. सभागृहाच्या खिडक्यांवर निळी ताडपत्री लावून आत दुपारीच अंधार केला होता. कोपऱ्यात बायका केळी तळत होत्या, इबू मधे स्टुलावर, सगळ्यांना कागद कापून देत. भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला आणि पुढं बसलेली माणसं कुरकुरली. "काय हे निंग, चित्र उड्या मारतंय!" गुफ्रोन वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "मी दिलेलं का नाही लावलंस?" "झेपत नाही ह्याला." "मग आवाज बंद कर, चित्राला जोर मिळेल." "आवाज बंद होणार नाही," तुतिक म्हणाली. लिंतांग तिच्या मांडीवर होती, तिनं एका हातानं तिला पोटाशी धरलं होतं आणि दुसरा हात लॅपटॉपवर झाकणासारखा ठेवला होता. "अगं पण चेंडू दिसत नाही नीट!" "न दिसू दे, चाक. तुम्हाला काय पहिल्यांदा खेळायचाय?" पहिले दोघे खेळायला बसले होतेच; एक रिक्षावाला, एक शाळामास्तर, दोघेही पोट सुटलेले, दोघेही बापाच्या दुकानातली जुनी गिऱ्हाइकं. ते हसले. पंखा घरघरला. तुतिकला लॅपटॉपचा तळ तापत चाललेला कळत होता. चित्रं गळत होती, एका जागचा माणूस एकदम दुसऱ्या जागी. गुफ्रोन हात पसरत होता, तिच्या बोटांवरून आवाज बंद करायच्या खुणेकडे. "हात लावू नका," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. पण त्यात तो आटा थोडा उलटा फिरला होता, आणि गुफ्रोनचा हात मागं गेला. मास्तरनं मारलेला चेंडू भिंतीवरून नाहीसा झाला आणि पुढच्या चित्रात जाळ्यात होता.

च्यायला, झोपलास काय रे!

सभागृहाच्या चारी भिंतींतून आलं ते. आणि तिला जे माहीत नव्हतं ते असं, की माणसं तिच्या आधीच तोंड उघडून तयार होती. पंचविशीच्या वरची सगळी, रिक्षावाला, मास्तर, तळणाच्या कढईपाशी झारा वर धरलेली येती, दाराशी उभा प्रास, सगळ्यांनी ते तिच्या बरोबरीनं म्हटलं, रे वर फाटत, उशीमुळे फाटलेला तो रेसुद्धा, जसाच्या तसा. मग हसणं, टाळ्या, आणि एक हाजी म्हातारा, ज्याला काही कळलं नव्हतं, तोही हसला. हसू ओसरल्यावर इबूचा आवाज आला, नेहमीसारखा मऊ. "कोण आहे गं ही मुलगी?" केळी तळणाऱ्यांनी खांदे उडवले. कुणाला माहीतच नव्हतं. तुतिक म्हणाली, "मी आहे, इबू." काही माणसं वळली. "कोण?" कढईच्या आवाजात ऐकू आलं नसावं. "मी. कास्दूची तुतिक. गाद्यांच्या कपाटात बसून बोलले होते." इबूच्या हातात अर्धा कापलेला कागद होता. ती तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं. "बाळ दचकेल, तुतिक," इबू म्हणाली, "थोडं हळू कर."

लिंतांग दचकली होतीच. पण रडली नव्हती. मघापासून ती भिंतीकडे बघत होती, आवाज जिथून आला तिथं, ओठांचा लहानसा चंबू करून. मग तिनं मान वळवली आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. एक बोट वर करून तिनं ते तुतिकच्या खालच्या ओठावर ठेवलं आणि वाट बघू लागली. भिंतीवर पुन्हा डाव सुरू झाला होता, रिक्षावाल्याचा खेळाडू एकटाच चेंडू घेऊन कडेनं निघाला होता, चित्रं गळत होती, तो इथं होता, मग तिथं, लंगडत, लंगडत. तुतिकच्या जिभेवर एक ओळ आली. गाळलेल्या तेरांतली ती. सेकंदात न बसणारी, दीडमध्येही न बसणारी, हेन्द्रोनं हसून पुसलेली. ती शब्दान् शब्द तिथंच होती, इतकी वर्षं, उशांच्या कापसात गुंडाळलेली. तिनं लेकीला छातीशी उचललं, उभी राहिली, आणि पोटाच्या तळापासून श्वास घेतला.

"अरे पाय आहेत का केळीचे खांब तुझे, मेल्या! पळ की! घरी आईनं ताट वाढलंय, गार होतंय, शेजारणीचा बोका मासा पळवून पार खाडी ओलांडून गेला, त्याला चार पाय आहेत म्हणून गेला का, तुला दोन दिलेत ते काय इस्त्री करून कपाटात ठेवायला, पळ च्यायला, पळ, नाहीतर चपला काढून दे इकडं, मी पळते!"

श्वास संपला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हासारखंच. लिंतांगचं बोट तिच्या ओठावरून घसरून हनुवटीवर आलं होतं. पोरीनं तोंड उघडलं, दोन दात दिसले, आणि तिनं आपल्या आयुष्यातली पहिली आरोळी मारली. अर्थ नसलेली, शब्द नसलेली, ताडपत्रीला आरपार जाईल अशी. खेळणाऱ्या दोघांनी रिमोट खाली ठेवले होते. भिंतीवरचं चित्र कधीचं थांबलं होतं, रिक्षावाल्याचा खेळाडू एक पाय हवेत धरून तसाच उभा होता, आणि लॅपटॉपकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"आणखी एकदा," तुतिक लेकीला म्हणाली. हळू नाही.